पाहुण्याची अकरा वाक्यं

मी क्रेनवर छत्तीस वर्षं काढली. खालच्या माणसाचा हात वर गेला की उचलायचं, आडवा गेला की थांबायचं. हे लिहितोय ते माझ्याबद्दल नाही, आमच्या फिटरबद्दल. त्याने सांगितलं, तू लिही, माझ्याकडून नीट होणार नाही. त्याने आयुष्यात एकदाच काम दुसऱ्यावर ढकललं, ते हे.

फिटर म्हणजे बारीक चणीचा, मोठ्या कानांचा माणूस. बोल्ट आवळताना ओठ दाबून धरायचा. त्याने आवळलेला बोल्ट पुन्हा तपासायची गरज नसायची, पण तो स्वतः तपासायचा. निवृत्त झाल्यावरही घरातली दारं, नळ, शिलाई मशीन, सगळं त्याने असंच ठेवलं होतं. एकच गोष्ट विचित्र होती. खिळ्यावर किंवा हुकावर अडकवलेलं काहीही तो स्वतः काढायचा नाही. शर्ट वहिनी काढून द्यायच्या. छत्री, पिशवी, किल्ली, सगळं त्याच काढून द्यायच्या. कधी मी गेलो असलो तर मी द्यायचो.

"राजे, मुकुट पण देऊ का?" मी म्हणायचो.

"दे. आणि गप बस."

मी बावीस वर्षं त्याची ही थट्टा केली. त्याच्या त्या सवयीमागे काय आहे ते मला मागच्या वर्षी कळलं.

ही थट्टा सुरू व्हायच्या थोडं आधी आमच्या कारखान्यात एक मोठी प्रेस आली होती. पत्रा दाबून आकार देणारी, दोन मजली उंच. तिच्याबरोबर ती उभी करून देणारा कारागीर आला, समुद्रापलीकडून. त्याला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. आम्हाला ती येत नव्हती. आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो. साहेबांनी दुभाषा दिला होता. तो चार दिवस आला आणि तेलाच्या वासाने आजारी पडला.

मग पाहुण्याने स्वतःच आम्हाला शिकवलं. त्याची शिकवण सगळी नकाराची होती. पट्ट्याला हात लावायला गेलं की, "नो तोकेस." शिडीवर पाय ठेवला की, "नो सुबास." फरशीवर तेल सांडलेलं असताना कोणी धावलं की, "नो कोर्रास." विडी पेटवली की, "नो फुमेस." बोट उभं करून, हळू, शेवटचा शब्द थोडा वर उचलून म्हणायचा. रागावल्यासारखा नाही. लहान मुलाचं बटण लावताना आई बोलते तसा. चार महिन्यांत त्याची अशी अकरा वाक्यं आम्हाला पाठ झाली. अर्थ कोणी सांगितला नव्हता, पण चुकायला जागाच नव्हती. हात जिथे असेल तिथे अर्थ असायचा.

अकरातलं एक होतं "नो कितेस." काढू नकोस.

ते बिल्ल्याबद्दल होतं. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर टाकलेला बिल्ला असे. मशीनच्या पोटात शिरायचं असेल तर मेन स्विच खाली करायचा आणि त्याच्या हुकाला आपला बिल्ला लावायचा. बिल्ला आहे तोवर स्विचला कोणी हात लावायचा नाही. ज्याने लावला त्यानेच काढायचा. नियम चांगला होता. आम्ही त्यात आमची एक पद्धत घुसवली होती. जेवणाच्या भोंग्याला प्रत्येकाने बिल्ला जेवणघराच्या दाराशी दाखवायचा असे. जोडीदार हात धुवायला गेला असला की आपण त्याचाही बिल्ला काढून न्यायचा आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवायचा. चपला पुढे सरकवून ठेवाव्यात तसं. ज्याचा बिल्ला कोणी आणत नाही तो नवखा, ज्याचा आणतात तो आपला. ही पद्धत पाडणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या महिन्यात फिटरने पाहुण्याचा बिल्ला पहिल्यांदा आणला. आम्ही टेबल वाजवलं. पाहुणा हसला नाही. बिल्ला घेतला, परत गेला, हुकाला लावला, काढला, मग जेवायला बसला. "नो कितेस," फिटरला म्हणाला. फिटर म्हणाला, "बरं बाबा, नो कितेस." पुढच्या आठवड्यात पुन्हा आणला. पुन्हा तेच. पाहुण्याला ते चिडवणं वाटायचं. फिटरला वाटायचं, भिडस्त आहे, होईल सवय.

मग तो दिवस आला. प्रेस जवळजवळ तयार होती. भोंगा झाला. पाहुण्याने नळावर हात धुतले, कापसाच्या बोळ्याने पुसले आणि जेवणघराकडे चालू लागला, इथवर मी वरून पाहिलं. मग मी क्रेन बाजूला न्यायला वळलो. पाहुणा अर्ध्यातून परतला, प्रेसखालच्या खड्ड्यात मापाची पट्टी राहिली होती म्हणून. स्विच प्रेसच्या दुसऱ्या अंगाला. बिल्ला आपण अजून काढलेला नाही, तो तिथेच आहे, असंच तो धरून चालला असणार. दुपारपाळीचा ऑपरेटर लवकर आला. हूक मोकळा दिसला. त्याने मशीन तापवायला स्विच वर केला.

एवढंच. बाकीचं लिहिणार नाही.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, हूक मोकळा होता का? ऑपरेटर म्हणाला, होता. मला विचारलं. वरून मलाही दिसला होता, मोकळा. मी सही केली. फिटरने सही केली. हूक कोणी मोकळा केला, हे कोणी विचारलं नाही. अहवालात आलं, मृताने बिल्ला लावला नव्हता, स्वतःचा निष्काळजीपणा. ऑपरेटर तीन महिन्यांत नोकरी सोडून गेला. तो गेला म्हणून आम्ही त्याला हळवा म्हटलं.

मागच्या वर्षी कारखान्याने एक पत्र माझ्याकडे पाठवलं. निवृत्त कामगारांच्या पत्त्यांची वही माझ्याकडे असते, म्हणून. पत्र पाहुण्याच्या मुलीचं होतं. तो गेला तेव्हा ती नऊ वर्षांची. फोनने आमच्या भाषेत करून दिलेलं, म्हणून जरा लाकडी. "माझे वडील आपल्या यंत्राखाली समाप्त झाले" असं सुरू होत होतं. पुढे मात्र कळत होतं. घरात त्यांचं नाव काढायला बंदी आहे. आई म्हणते, जो माणूस आम्हाला जिन्यावरून सावकाश उतरायला लावायचा तो स्वतः बेफिकिरीने मेला, आम्हाला टाकून. आईने त्यांचे फोटो काढून टाकले. आई आता थकली आहे. मला एकच विचारायचं आहे. त्यांनी खरंच बिल्ला लावला नव्हता का?

मी पत्र घेऊन फिटरकडे गेलो. त्याने उभ्याने वाचलं. वहिनी चहा घेऊन आल्या.

"लावला होता," तो म्हणाला. "मी काढला."

मी कप खाली ठेवला.

"जेवणघरात मी त्याची खुर्ची धरून बसलो होतो. समोर त्याचा बिल्ला ठेवला होता. कोणी बसायला आलं की म्हणायचो, आहे रे, येतोय तो. आणि मग तुमचा आरडाओरडा ऐकू आला."

"बिल्ला कुठंय?"

"भंगाराच्या पेटीत टाकला. त्याच दिवशी. कोणाला दिसायच्या आत." मग म्हणाला, "पळत गेलो होतो. नो कोर्रास."

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बावीस वर्षं शर्ट काढून देतेय मी. मला वाटायचं, खांदा दुखतो. सांगता येत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग आता त्या मुलीला सांगा."

मी म्हटलं, "आत्ता लिहू. फोनमध्ये बोलायचं, तोच भाषांतर करतो."

"नाही," फिटर म्हणाला. "फोनला काय लाज आहे? तो कुणाचंही काहीही बोलेल. मी शिकतो. तिला लिही, चार महिने दे म्हणावं."

"सहासष्टाव्या वर्षी? तुला अजून आपलीच भाषा नीट येत नाही."

"येत नाही ना? मग दोन्ही सुधारतील."

मी लिहिलं, वडिलांबरोबर काम केलेला माणूस उत्तर देणार आहे, थोडी वाट पाहा. तिने एका ओळीत कळवलं, पाहते.

भाषेचा वर्ग एका शिंप्याच्या दुकानावर होता. लोखंडी जिना, वर एक खोली, फळा, दहा खुर्च्या. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेस, दोन कॉलेजची मुलं आणि आमचा फिटर. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या. पहिल्या दिवशी मीही गेलो होतो, सोबत म्हणून.

"आजोबा, कशासाठी शिकायचंय?"

"बाई, मला फक्त नको-नको शिकवा. हे करू नकोस, ते करू नकोस. आणि झालेलं सांगायची दोन वाक्यं."

नर्सेस हसल्या. बाई म्हणाल्या, "लग्न झालंय ना तुमचं? मग नको-नको ऐकायची सवय असेलच. पण आधी हो म्हणायला शिका."

शिकला. रोज दोन तास वर्गात, तीन तास घरी. त्याची वही मी पाहिली आहे. अक्षर वेडंवाकडं, पण ओळ पट्टीसारखी. खोडलेलं काही नाही. चुकलं तर पान पुन्हा लिहायचा.

सहाव्या आठवड्यात नकार आला. बाईंनी फळ्यावर मांडलं. आपण नुसतं "नको" जोडतो आणि मोकळे होतो. त्यांच्याकडे "नो" लावून भागत नाही, क्रियापदालाही वळावं लागतं. "मी काढतो" म्हणजे "कितो". त्याचा शेवटचा ओ कापायचा. मूळ शब्द आर-वाला, म्हणजे शेवटी आर येणारा असेल तर तिथे ए बसवायचा. एर-वाला किंवा इर-वाला असेल तर आ. समोरचा अरे-तुरेतला असेल तर शेवटी स. मोठा माणूस असेल तर स सोडून द्यायचा. कितो, कितेस. सुबो, सुबास. सरळ चालीची सगळी क्रियापदं अशीच.

फिटर मला म्हणाला, "पाइपासारखं आहे. जुना आटा कापायचा, नवीन सांधा बसवायचा. आर-वाल्याला एर-वाल्याचा सांधा, एर-वाल्याला आर-वाल्याचा. त्याची अकराच्या अकरा तपासली मी. सगळी बसली. एकही गळत नाही."

त्या दिवशी तो खूश होता. मला वाटलं, सुटला. त्यालाही वाटलं असावं. बावीस वर्षं पाहुण्याचा आवाज त्याच्या कानात येत होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. आता त्यात फक्त एक नियम दिसत होता, आणि ज्याचा नियम कळला त्याची भीती राहत नाही.

उलटंच झालं.

आठवड्याने सकाळी मी त्याच्याकडे गेलो तर तो नळापाशी उभा, हात साबणाने भरलेले, पाणी चालू. नळ वाया जाऊ देणारा माणूस नव्हे तो.

"काय रे?"

"नो लावेस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"धुऊ नकोस. हे त्याने कधीच म्हटलं नव्हतं. अकरात नाहीये."

मी नळ बंद केला. त्याने सांगितलं ते असं. आधी पाहुण्याला अकराच वाक्यं होती. बावीस वर्षं तीच, फिरून फिरून. त्यांची सवय झाली होती, शेजारच्या पिठाच्या गिरणीची व्हावी तशी. आता वर्गात नवीन क्रियापद आलं की संध्याकाळच्या आत पाहुणा ते वापरायचा. तोच आवाज, तोच शेवट उचललेला. खिडकीशी गेला की, बघू नकोस. वही उघडली की, लिहू नकोस. वहिनी ताट वाढत असताना, खाऊ नकोस. भरदिवसा, घर माणसांनी भरलेलं असताना.

"नियम शिकलो मी, आणि जीभ फुटली त्याला," तो म्हणाला.

"मग बंद कर वर्ग."

"अर्धवट काम कधी सोडलंय मी?"

तो जात राहिला. बारीक होता, आणखी बारीक झाला. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, हे शिकतायत की झिजतायत?" मुलीशी फोनवर बोलायचा दिवस ठरला, त्याच्या आठ दिवस आधी तो माझ्या घरी आला. कधी येत नाही. बसला नाही.

"काल म्हणाला, नो आब्लेस. बोलू नकोस. सारखं तेच म्हणतोय. त्याचीच इच्छा नसेल तर? मी कोण जबरदस्ती सांगणारा?"

मी क्रेनवरचा माणूस. इशारा नीट बघितल्याशिवाय वजन हलवत नाही. मी त्याला विचारलं, "जिवंतपणी तो तुला कशाकशाला नको म्हणाला?"

"तोकेस. सुबास. मेतास ला मानो, हात घालू नकोस..."

"ज्यात माणूस मरेल अशाच गोष्टींना ना?"

"हो."

"मग हा आठवडाभर कशाला नको म्हणतोय? ज्यात तुझी अब्रू मरेल त्याला. लेका, मेलेला माणूस नेमका तुझ्या सोयीचं कसा बोलतो?"

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "आवाज त्याचा, शब्द माझे."

"मग वेगळे कर. फिटर ना तू?"

बोलणं वर्गातच झालं, रविवारी सकाळी. खाली शिंपी सुट्टीवर, म्हणून शांत. बाईंनी फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केला. "अडलात तर मी आहे," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "तुम्ही खिडकीशी बसा, बाई. अडलो तर अडू द्या."

मुलगी पडद्यावर आली. एकतीस वर्षांची, केस मागे बांधलेले. कान पाहुण्याचे. आम्हा दोघांत तिचं बोलणं एकट्या फिटरला कळत होतं. मला बाईंनी नंतर सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. फिटरने हात टेबलावर सपाट ठेवले आणि बोलला. तुझ्या वडिलांनी बिल्ला लावला होता. मी काढला. त्यांनी मला काढू नकोस म्हटलं होतं, पुष्कळदा. मला कळलं होतं. तरी काढला. मग लपवला. मग खोटी सही केली. ते सावध होते, मी नव्हतो. आणि शेवटी, आठ दिवस घोकलेलं, "नो मे पेर्दोनेस." मला माफ करू नकोस.

बाईंनी खिडकीबाहेर तोंड केलं. मग मुलगी म्हणाली, "नाही करत." आणि थोड्या वेळाने, "हे लिहून द्या. कारखान्याला. त्यांच्या कागदावर बदललेलं मला हवं आहे."

"देतो."

मला वाटलं, आता फोन ठेवेल. तिने ठेवला नाही. तिने विचारलं, ते कसे म्हणायचे? काढू नकोस, हे. कसं म्हणायचे? मला त्यांचा आवाज आठवत नाही. घरात एकही ध्वनिफीत नाही.

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मग बोट उभं केलं आणि म्हणाला, "नो कितेस." हळू, शेवट जरा वर उचलून.

मी अंगावर काटा येणारा माणूस नाही. पण पाहुणा खोलीत होता.

त्याने एकेक घेतलं. नो तोकेस. नो सुबास. नो आब्रास. मुलगी तोंडावर हात धरून ऐकत होती. नो कोर्रासला तिच्यामागचं दार उघडलं. एक म्हातारी बाई आत आली, भिंतीला धरून. पडद्याजवळ आली. तिने फिटरचा चेहरा पाहिला, तो तिच्या ओळखीचा नव्हता. तरी ती खुर्चीत बसली. फिटरने उरलेली म्हटली. अकरावं संपलं तसा तो थांबला.

"नो पारेस," ती म्हणाली.

मलासुद्धा कळलं. थांबू नकोस.

आता ऐका. त्याच्याजवळ शेकड्यांनी होती. रडू नकोस, भिऊ नकोस, वाट पाहू नकोस, सगळी नियमात बसणारी, सगळी त्याच आवाजात, महिनोन् महिने कानात भरलेली. त्यातलं एक दिलं असतं तरी त्या बाईला ते पुरलं असतं, आणि पृथ्वीवर कोणाला कळलं नसतं. त्याचे ओठ दाबले गेले, बोल्ट आवळताना व्हायचे तसे.

मग तो तिला म्हणाला, अरे-तुरेत नाही, मान देऊन, "बाई, त्यांची एवढीच आहेत. अकरा. बाकीची माझी आहेत. ती त्यांच्या तोंडी घालणार नाही."

तिने समजल्यासारखी मान हलवली. आणि पुन्हा म्हणाली, "नो पारेस."

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. अकरा. मग पुन्हा अकरा. तिसऱ्या खेपेला ती त्याच्या आधी शब्द म्हणू लागली, पुटपुटत, आणि त्याचा आवाज तिच्या मागून जाऊ लागला. चौथ्या खेपेला तिने हात वर केला. मुलीने फोन बंद केला. निरोप कोणीच घेतला नाही.

जिना उतरताना मी विचारलं, "बोलतोय का अजून?"

"बोलतोय."

"काय?"

"ते मी नाही सांगणार. त्याचं नाही ते."

सोमवारी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. त्याचा जबाब दोन पानी, माझा अर्ध्या पानाचा. हूक मोकळा पाहिला, कोणी केला ते विचारलं नाही, असा. गेटवरचा नवा वॉचमन म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, आज भेटणार नाहीत, कागद इथे ठेवून जा.

"ठेवणार नाही," फिटर म्हणाला. "हातात देणार."

वॉचमनने खांदे उडवले. आम्ही गेटसमोरच्या बाकावर बसलो. भोंगा झाला, पाळी बाहेर पडली, दुसरी आत गेली. आम्हाला कोणी ओळखलं नाही. चार वाजता वॉचमन म्हणाला, "काका, उद्या या." फिटर म्हणाला, "येतो," आणि जागचा हलला नाही.